भारतीय हॉकीतील प्रतिस्पर्धी साखळी स्पर्धा

वर्ल्ड सिरीज हॉकी आणि हॉकी इंडिया लीग या भारतातील दोन प्रतिस्पर्धी व्यावसायिक साखळी स्पर्धा होत. त्यांच्यातील संघर्षाचे मूळ प्रशासकीय दुफळीत होते.

पार्श्वभूमी
२००८ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेने भारतीय हॉकी महासंघाला निलंबित केले. २००९ मध्ये हॉकी इंडिया ही नवी संस्था स्थापन झाली. हॉकीवर अधिकार कोणाचा, हा वाद न्यायालयात गेला.

संघर्ष
महासंघाने निंबस स्पोर्टच्या साहाय्याने २०१२ मध्ये आठ संघांची वर्ल्ड सिरीज हॉकी भरवली. मुंबईतील अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सचा पराभव केला. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नसल्याने करार स्वीकारावा की राष्ट्रीय संघातील स्थान जपावे, असा पेच खेळाडूंपुढे उभा राहिला. दुसरा हंगाम झालाच नाही. हॉकी इंडियाने २०१३ मध्ये पाच संघांची स्वतंत्र लीग सुरू केली. तीही २०१७ नंतर खंडित झाली.

परिणाम
अमेरिकेत १९९६ पासून विभागलेल्या खुल्या चाकांच्या मोटार शर्यती २००८ मध्ये एकत्र आल्या. भारतात असे विलीनीकरण झाले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. पिंपरीत संत तुकाराम नगरजवळील नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर २०२१ मध्ये राष्ट्रीय वरिष्ठ पुरुष स्पर्धा झाली होती. मैदाने उपलब्ध असूनही स्थानिक खेळाडूंना राज्याच्या व्यावसायिक संघाची वाट मात्र उरली नाही.