हौसेची वही वेगळी, दानाची वही वेगळी



गेल्या वैशाखात माझा भाचा एक जुनी ओम्नी घेऊन दारात उभा राहिला. "आत्या, ह्या गाडीत आम्ही दोघं राहणार, झोपणार आणि पाच बाहुबलींचं दर्शन करून येणार. लोकांकडून किलोमीटरमागे एक-दोन रुपये घ्यायचे आणि ते मुलींच्या वसतिगृहाच्या जेवणखर्चाला द्यायचे." मी गाडीकडे बघितलं. दाराखाली गंज, सरकदार दार ओढायला दोन माणसं. म्हटलं, "आधी ही कुंभोजपर्यंत जाते का बघ, मग श्रवणबेळगोळचं बोल."

थट्टा केली खरी, पण कल्पना मला आवडली होती. कुंभोज, श्रवणबेळगोळ, धर्मस्थळ, वेणूर आणि कारकळ. सांगलीहून निघून परत सांगलीला येईपर्यंत साधारण दीड हजार किलोमीटर. कुंभोजची मूर्ती अठ्ठावीस फुटी, श्रवणबेळगोळची सत्तावन्न फुटी. कारकळची १४३२ सालची, वेणूरची १६०४ सालची. ही सगळी क्षेत्रं एका फेरीत व्हावीत असं मलाही कितीदा वाटलं, झालं मात्र नाही.

आषाढात मात्र आमचं वाजलं. समाजातल्या एका काकांनी उत्साहाने पहिले अकरा हजार रुपये भाच्याच्या हातात दिले होते. आणि गाडीला चार नवे टायर लागले, ते त्यातूनच आले. मी सहज विचारलं तर म्हणाला, "आत्या, पगार झाला की भरतो ना! शेवटी गाडी त्याच कामासाठी आहे."

मी उठून आत गेले. रागाने बोलायचं नव्हतं म्हणून. नंतर बाहेर येऊन जे बोलले ते मऊ नव्हतं. देवापुढे ठेवलेलं द्रव्य आपण खात नाही, त्याला निर्माल्य म्हणतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मग मुलींच्या ताटासाठी दिलेले पैसे तुझ्या चाकाला कसे लागले? तो गप्प निघून गेला. तीन आठवडे फोन नाही. भाचेसूनही दुखावली. ह्यांचं म्हणणं पडलं, "अकरा हजारांसाठी पोराला तोडलंस." मलाही झोप लागत नव्हती. पण मी बी.कॉम. केलं ते १९८१ साली, आणि त्यातलं एकच वाक्य आयुष्यभर उपयोगी पडलं: मालकाचा खर्च आणि दुकानाचा खर्च एका वहीत लिहू नये.

त्या तीन आठवड्यांत मी दुसऱ्याही एका प्रश्नाशी झगडत होते. हा प्रवास मुळात करावाच का? आपल्या श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती लांब जायचं याची मर्यादा आपणच घालून घ्यायची. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातल्या प्रमादचर्येत विनाकारण भटकणं आणि दुसऱ्याला भटकायला लावणं हेही येतं. पेट्रोल जाळायचं, चाकाखाली आणि काचेवर किती जीव जाणार, आणि त्याला नाव दानाचं! "दीड हजार किलोमीटर कशाला? घरी बसून चेक लिहा," असं आमच्या स्वाध्याय मंडळात एक ताई म्हणाल्याच. त्यांचं चूक नव्हतं.

पण यात्रा हे काही विनाकारण भटकणं नाही. प्रश्न उरला तो पैशाचा आणि पद्धतीचा. श्रावणात भाचा आला. अकरा हजार रुपये वसतिगृहात भरल्याची पावती त्याने माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, "आत्या, आता तूच नियम सांग." मी तीनच सांगितले. देणगी तुमच्या खात्यात येणारच नाही, देणारा थेट वसतिगृहाच्या खात्यात भरेल आणि पावती वसतिगृहाची घेईल. (आयकराची सवलत हवी असेल तर तशीही पावती संस्थेचीच लागते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.) दुसरा नियम, गाडी, पेट्रोल, जेवण, सगळं तुमच्या खिशातून. तिसरा, सूर्यास्तानंतर गाडी हलणार नाही. त्याने जीवही वाचतात आणि जुन्या गाडीच्या मिणमिणत्या दिव्यांवर घाट उतरायची वेळही येत नाही.

आता गाडीविषयी, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. ओम्नी बनवणं मारुतीने २०१९ मध्ये बंद केलं, त्यामुळे मिळते ती जुनीच. स्वस्त गाडीची किंमत बघताना आधी नोंदणीची तारीख बघावी. पंधरा वर्षं होत आली असतील तर पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर, दोन्ही आलं. यांची गाडी २०१३ ची होती म्हणून निभावलं. छप्पर कापून उंच करायचा बेत मी मोडून काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि उद्या अपघात झाला तर विम्याचीही कटकट. म्हणून काहीही कापलं नाही, वेल्डिंग केलं नाही. मागची सीट पुढे पाडून तिच्यावर बसणाऱ्या प्लायवूडच्या दोन फळ्या सुताराकडून करून घेतल्या. काढल्या की गाडी पुन्हा होती तशी. फळीखाली डबे, कपड्यांची एक एक पिशवी, पाण्याचा वीस लिटरचा कॅन. सरकदार दारांना मी जुन्या मच्छरदाणीचे पडदे शिवून दिले, कारण काचा बंद करून झोपलं की सकाळी आतून घाम धरतो आणि गुदमरायला होतं. शेगडी गाडीत पेटवायची नाही, खाली उतरून, वाऱ्याला आडोसा करून. पाणी गाळून, उकळून, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. भाचेसून हसून म्हणाली, "आत्या, हा तर चौकाच झाला." झालाच की! आपल्या मुनिसंघाच्या विहारात चौक्याची गाडी अशीच तर पुढे जाते.

कार्तिकातली अष्टान्हिका झाल्यावर ते निघाले. कुंभोजपर्यंत मीही गेले. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तासाभरात असं शेकायला लागलं की माझी कंबर दुखायची थांबली. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचं जन्मगाव. मूर्तीपुढे उभी असताना मला त्यांच्या मुष्टिफंडाची आठवण झाली. घरोघरच्या मूठभर धान्यावर त्यांनी गरिबाघरची मुलं शिकवली. आणि लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मुलांच्या वाटच्या मुठीतून त्यांनी स्वतःचं घर चालवलं नाही, उलट घरातलं त्या मुठीत घातलं. माझं सगळं म्हणणं यात आलं.

आता हिशेब. गाडी ७२,०००. टायर ११,२००. ब्रेक आणि क्लच ९,५००. बॅटरी ३,८००. फळ्या, गादी, पडदे, पंखा, दिवा ११,०००. विमा आणि पीयूसी ६,५००. म्हणजे निघण्याआधी १,१४,०००. पेट्रोल १२,००० आणि वाटखर्च ६,०००. एकूण १,३२,०००. वसतिगृहात जमा झाले १,६८,०००.

स्वाध्यायातल्या ताईंनी लगेच विचारलं, "मग हे एक लाख बत्तीस हजारच सरळ दिले असते तर?" प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देऊ नये. पण गाडी हा खर्च नव्हे, ती मालमत्ता. परत आल्यावर ती ७८,००० ला गेली. म्हणजे खरा खर्च ५४,०००, माणशी २७,०००, दहा-बारा दिवसांचा. त्यांनी ते सरळ दिले असते तर वसतिगृहाला ५४,००० मिळाले असते. एक लाख अडुसष्ट हजार आले ते लोकांना रोज कारकळचा, वेणूरचा फोटो दिसत होता म्हणून. कधी हात न सोडणाऱ्या एका नातलगानेही दीड हजार रुपये भरले, मग मी कोण नाव ठेवणार? मात्र जमा रक्कम खर्चापेक्षा कमी पडण्याची शक्यता दिसत असेल तर घरी बसावं आणि चेकच लिहावा. इतकं गणित आधी करता येतं.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने कबूल करावी. त्या दोघांना मजा आली. पहाटे कारकळच्या खडकावर धुकं होतं हे सांगताना भाचेसुनेचे डोळे चमकत होते. ती त्यांची हौस होती आणि हौसेत पाप नाही, स्वतःच्या पैशाने केली तर. हल्ली धर्मादायासाठी सायकल, धर्मादायासाठी गाडी, धर्मादायासाठी गिर्यारोहण असं बरंच चालतं. चालू द्यावं. फक्त देणाऱ्याने एक प्रश्न विचारावा: माझ्या शंभर रुपयांतले किती मुलीच्या ताटात आणि किती तुमच्या टाकीत? उत्तर लगेच आलं नाही तर हात आखडावा. आणि विचारताना पोरं दुखावतील म्हणून गप्प बसू नये. माझा भाचा तीन आठवडे बोलला नाही, पण आता दरवर्षी मुलींच्या जेवणाची पावती आणून आधी मलाच दाखवतो.

प्लायवूडच्या त्या दोन फळ्या आमच्या माळ्यावर आहेत. पुढच्या कार्तिकात कुणाला लागल्या तर न्या. नियम तेच तीन.

जय जिनेंद्र.