जिजाऊंच्या जिल्ह्यात इतिहास शिकणाऱ्या पोरांची कदर कोणाला?

स्पष्टच लिहितो, कोणाला लागलं तर लागू द्या. आपल्या बुलडाणा जिल्ह्याला इतिहासाचा अभिमान पोतंभर आहे, पण इतिहास शिकायला निघालेल्या पोरापोरींसाठी आपल्याकडे चिमूटभरही काही नाही.

१२ जानेवारीला सिंदखेडराजात काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. फेटे, फ्लेक्स, भाषणं, पुढाऱ्यांच्या गाड्या. मीही दरवर्षी बातमी लावतो. हे व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट गुपचूप चालू असते. दिल्लीचं जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ, इथं इतिहासात एम.ए. करायचं तर सीयूईटी-पीजी नावाची परीक्षा द्यावी लागते. २०२२ पासून ती सुरू आहे. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी १२ जानेवारीला तिचे फॉर्म चालू होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षात असतानाच तो भरायचा असतो. जूनमध्ये निकाल हातात घेऊन चौकशी करणाऱ्याची गाडी केव्हाच सुटलेली असते. आता सांगा, त्या गर्दीतल्या कोणत्या स्टेजवरून कोण बोललं, की पोरांनो, इतिहासाचा फॉर्म भरायची हीच वेळ आहे?

घरात तर विषय काढायचीही सोय नाही. "इतिहास घेऊन काय करतं बावा? पोलीस भरती दे, नाहीतर बी.एड. कर." हे सांगणारा बापच व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री बारापर्यंत इतिहासावरून भांडत असतो! इतिहासावर मत प्रत्येकाला आहे, पण तो शिकायला पोरगं पाठवायचं म्हटलं की हात आखडतो.

बरं, शिकण्यासारखं इथं काही नाही असंही नाही. २०२४ च्या जूनमध्ये सिंदखेडराजात लखुजीराजे जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं काम चालू होतं. खणताना आधी एका मंदिराचा पाया लागला आणि नंतर शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती निघाली. देशभर बातमी झाली, आपण सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केले. खणणारं पथक नागपूरहून आलेलं. मूर्ती आपल्या मातीतली, ती वाचणारे डोळे बाहेरचे. बाहेरचे लोक येतात यात वाईट काही नाही, पण त्या खड्ड्याशेजारी वही घेऊन बसायला आपल्या तालुक्यातलं एखादं पोरगं का नको?

आणखी एक विचारतो. साखरखेर्डा माहीत आहे ना? १७२४ च्या ऑक्टोबरात तिथं निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला आणि दख्खन निजामाच्या हातात आली. पुढं सव्वादोनशे वर्षं चाललेल्या हैदराबाद राज्याचा पाया आपल्या सिंदखेडराजा तालुक्यात घातला गेला. २०२४ मध्ये त्याला तीनशे वर्षं झाली. किती जणांना पत्ता होता?

हा इतिहास नीट लिहायचा तर फारसी लागते, कारण दरबारी कागद फारसीत. मोडी लागते, कारण पेशवे दप्तर मोडीत. इंग्रजी लागते, कारण १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर बरीच दप्तरं इंग्रजीत. हे काही यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून येत नाही. त्यासाठी चांगलं विद्यापीठ, चांगलं ग्रंथालय आणि पाच-सात वर्षांची बैठक लागते. म्हणून ते फॉर्म महत्त्वाचे.

आता सरकारकडे वळतो. सीयूईटी-पीजीचा इतिहासाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. आपलं पोरगं पहिलीपासून बी.ए.पर्यंत मराठीत शिकतं, शिवकाल मराठीत वाचतं, आणि मौर्यकाळावरचा प्रश्न एकदम परक्या भाषेत सोडवतं. उत्तर येत असूनही प्रश्नच समजला नाही, म्हणून मागं राहणाऱ्या पोराला आपण हुशार नाही म्हणणार का? मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून २०२४ मध्ये पेढे वाटणाऱ्या एकाही नेत्यानं ही प्रश्नपत्रिका मराठीत मागितल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

याहून मोठी गोष्ट पुढं आहे. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर यांच्या मुलांना परदेशात शिकता यावं म्हणून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक अट घातली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन या विषयांसाठी पैसे मिळणार नाहीत. कारण काय, तर या विषयांची साधनं भारतातच आहेत!

जरा मागं जाऊन पाहा. १९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं एम.ए.साठी त्यांनी काय लिहिलं? प्राचीन भारतातल्या व्यापारावर. १९१६ मध्ये निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. सयाजीरावांनी "हे भारतातच शीक" म्हटलं असतं तर? ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनीच लिहिला, त्यांच्या पोरांनी तो दूर उभं राहून तपासायचा नाही, असाच या अटीचा अर्थ होतो. पैसेवाल्याच्या पोराला ही अट लागू नाही, तो बापाच्या पैशानं लंडनला जाऊन मराठ्यांवर पीएच.डी. करू शकतो. अट फक्त गरिबाला.

आता कमेंटमध्ये येणारच म्हणून आधीच सांगतो. हो, नोकरी अवघड आहे. कॉलेजात जागा भरत नाहीत, नेट-सेट झालेले लोक तासिका तत्त्वावर राबतात. हे खरंच आहे. पण इंजिनिअरिंग करून गावात बसलेली पोरं आपण कमी पाहतो का? तिथं कोणी "काहून शिकला" विचारत नाही. इतिहासवाल्याला पुरातत्त्व खातं आहे, पुराभिलेखागारं आहेत, संग्रहालयं आहेत. पुरातत्त्व खात्याचा ग्रेटर नोएडाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्यालाही आधी एम.ए. लागतं. वाट अरुंद आहे, पण आहे. ती दाखवायची सोडून आपण पोराला फाट्यावरूनच परत पाठवतो.

मागण्या साध्या आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयानं डिसेंबरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना बसवून हे सगळे फॉर्म, तारखा, शिष्यवृत्त्या समजावून सांगाव्यात. पुण्याचं डेक्कन कॉलेज, नागपूर आणि संभाजीनगरची विद्यापीठं यांचे मार्ग वेगळे असतात, तेही सांगावेत. एक माणूस, एक फलक आणि एक दुपार, एवढाच खर्च. आपल्या खासदारांनी दिल्लीत दोन गोष्टी मागाव्यात: सीयूईटी-पीजी मराठीतून आणि परदेश शिष्यवृत्तीतली २०२२ ची अट रद्द. आणि सिंदखेडराजाच्या विकास आराखड्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी तिथं मोडी आणि फारसीचा एक कायमचा वर्ग काढून दाखवावा. कमानी पुष्कळ झाल्या.

ज्यांच्या घरात बी.ए.चं पोरगं आहे, त्यांनी आज रात्री त्याला एवढंच विचारा, "तुला खरंच काय शिकायचंय?" ते इतिहास म्हणालं तर हसू नका. जिजाऊंचं नाव घेणाऱ्या जिल्ह्याला एवढं तरी जमायला पाहिजे.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण फॉर्मची तारीख विसरू नका.