रिक्षाला पासिंग, पोर्शला मोकळीक

साटेली-भेडशीचा रिक्षावाला पासिंगची तारीख आली की एक दिवस धंदा बंद ठेवतो आणि बांदा, सावंतवाडी, कुडाळ ओलांडून ओरोसच्या परिवहन कार्यालयाकडे रिक्षा घेऊन जातो. तेथे ब्रेक पाहिले जातात, दिवे पाहिले जातात, टायर झिजले आहेत काय हे पाहिले जाते. निरीक्षकाचे समाधान झाले नाही तर दुरुस्ती करून पुन्हा यावयाचे आणि तोवर भाडे घ्यावयाचे नाही. पहिली ८ वर्षे दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ही परीक्षा द्यावी लागते. खडी वाहणारा डंपर, भाजीचा टेम्पो, शाळेची गाडी यांपैकी कुणाचीही तीतून सुटका नाही, नसावीही. परंतु त्याच बांदा-दोडामार्ग रस्त्यावरून सुटीच्या दिवशी गोव्याकडे सुसाट जाणाऱ्या, ताशी २५० किलोमीटरचा वेग गाठू शकणाऱ्या खासगी मोटारीला नोंदणी झाल्यापासून १५ वर्षे असली कोणतीही परीक्षा नाही. विम्याचा कागद आणि धुराचा दाखला जवळ असला की पुरे. ती विजेवर चालणारी असेल तर दाखलाही नको.

कायद्यातील हा भेद वर्षानुवर्षे चालत आला आणि कुणाला तो खटकला नाही. १९ मे २०२४ च्या रात्री अडीचच्या सुमारास पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्श कंपनीच्या मोटारीने एका दुचाकीस उडविले आणि नोकरीसाठी मध्य प्रदेशातून आलेले दोन तरुण अभियंते, एक युवक व एक युवती, जागीच गतप्राण झाले. मोटार एका बांधकाम व्यावसायिकाचा १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. नोकरीतल्या चालकाने गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याच्या आरोपावरून मुलाच्या वडील व आजोबांवर गुन्हा दाखल झाला. हे सर्व वाचकांस ठाऊक आहे. निबंधावर महाराष्ट्र हसला आणि चिडलाही. पण त्या गदारोळात एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे आपल्या लोकांचेही दुर्लक्ष झाले.

ती गोष्ट म्हणजे १,७५८ रुपये. कोट्यवधी रुपयांची ती मोटार मार्चमध्ये बंगळूरहून तात्पुरत्या नोंदणीवर महाराष्ट्रात आली होती. पुण्याच्या परिवहन कार्यालयात ती नेण्यात आली, परंतु नोंदणी शुल्काचे १,७५८ रुपये भरलेच गेले नाहीत. तात्पुरत्या नोंदणीवरील वाहनाने केवळ परिवहन कार्यालयापर्यंत जा-ये करावयाची असते, असे अधिकाऱ्यांनी अपघातानंतर सांगितले. अपघातापूर्वी ते कुणी कुणाला सांगितले? कायमच्या क्रमांकाची पाटी नसलेली रिक्षा दोडामार्गच्या बाजारात दोन महिने राहो, दोन दिवस तरी फिरू शकेल काय? ज्या उन्हाळ्यात हे घडले, त्याच उन्हाळ्यात पासिंगला उशीर झालेल्या रिक्षावाल्यांकडून दिवसाला ५० रुपये दंड वसूल करण्याचा सपाटा परिवहन खात्याने राज्यभर लावला होता. संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे जुलैमध्ये सरकारने त्या वसुलीला स्थगिती दिली. एका बाजूस दिवसाचे ५० रुपये मोजणारे खाते आणि दुसऱ्या बाजूस १,७५८ रुपयांची आठवण न करणारे खाते, ही दोन खाती नव्हेत.

शुल्क एवढे अल्प का, हेही सांगितले पाहिजे. विजेवरील मोटारींना महाराष्ट्रात वाहनकर माफ आहे. धूर कमी व्हावा म्हणून दिलेली ही सवलत विजेवरच्या स्कुटरला मिळाली तर आपला आक्षेप नाही. पण किमतीची कसलीही मर्यादा नसल्यामुळे तिचा सर्वांत मोठा लाभ सर्वांत महाग मोटार घेणाऱ्यास होतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारला क्षणभर शहाणपण सुचले आणि ३० लाखांवरील विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर प्रस्तावित झाला. मार्च संपण्यापूर्वीच मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचे सभागृहात जाहीर केले. त्याच वर्षी जानेवारीत एस. टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. ते मागे घ्यावे असे कुणाच्याही मनात आले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वेगवान मोटारीची देखभाल हा मालकाचा खासगी मामला आहे, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. हौस त्याची, पैसा त्याचा, गॅरेज त्याचे. इतरांनी नाक खुपसू नये! ही समजूत यंत्रशास्त्राच्याच कसोटीवर टिकत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकनी गिळावयाची ऊर्जा चौपट होते. ६० च्या वेगाने जाणारी मोटार थांबविणे आणि २४० च्या वेगाने जाणारी थांबविणे, यांत चारपटीचा नव्हे, सोळापटीचा फरक आहे. हा भार ब्रेकच्या चकत्या, त्यांवरील पट्ट्या आणि नळ्यांतील तेल यांवर पडतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा मुरलेले तेल तापले की लवकर उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि चालकाचा पाय पेडलवर असूनही ब्रेक लागत नाहीत. म्हणून दोन-एक वर्षांनी ते बदलावे लागते, मोटार फिरली असो वा नसो. आमच्या कोकणात चार महिने भिंतींना पाणी सुटते, तेथे हे अधिकच ध्यानात ठेवले पाहिजे. टायरचेही तेच. रबर पळून जसे झिजते तसे उभ्या उभ्याही कडक होते. ते कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनले याचे चार आकडे टायरच्या कडेवर छापलेले असतात. वर्षाचे दहा महिने आच्छादनाखाली झाकून ठेवलेली आणि डिसेंबरात गोव्याच्या सहलीसाठी बाहेर काढलेली मोटार ‘कमी चाललेली’ म्हणून निर्धोक ठरत नाही.

अमेरिकेतील एक उदाहरण जगभर गाजले. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्श कंपनीचीच करेरा जीटी ही मोटार आदळून पेटली व तीतून जाणारा चित्रपट अभिनेता पॉल वॉकर आणि त्याचा मित्र मरण पावले. मित्र मोटार चालवीत होता. तपास यंत्रणांनी अतिवेग हे कारण दिले, यांत्रिक बिघाड आढळला नसल्याचे सांगितले. परंतु टायर ९ वर्षांचे जुने होते हेही नोंदविले. लक्षावधी डॉलरची मोटार, आणि टायर ९ वर्षांचे! वॉकरच्या कन्येने कंपनीविरुद्ध दावा लावला, मोटारीत स्थैर्य राखणारी यंत्रणा का नव्हती असे विचारले, आणि २०१७ मध्ये तो दावा तडजोडीने मिटला. तडजोडीच्या अटी बाहेर आल्या नाहीत. मरणारे स्वतः धनवान होते म्हणून निदान दावा तरी उभा राहिला.

आपल्याकडील प्रसंग पाहा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज मोटार कठड्यावर आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले. आदळण्यापूर्वी ५ सेकंद मोटारीचा वेग १०० होता आणि ब्रेक लावल्यावर तो ८९ वर आला, ही माहिती पोलिसांना कुणी दिली? मोटार बनविणाऱ्या कंपनीने. मोटारीच्या पोटातील संगणकाने टिपलेली नोंद वाचण्याची किल्ली कंपनीजवळ असते. तिचा प्रामाणिकपणा गृहीत धरला तरी ज्याच्या मालाची चौकशी त्याच्याच हाती पुरावा, ही व्यवस्था कोणत्या न्यायात बसते? खताची भेसळ झाली की नमुना सरकारी प्रयोगशाळेत जातो, खतकंपनीकडे जात नाही. त्या अपघातानंतर पुलाच्या रचनेची तपासणी झाली, तीन मार्गिकांचा रस्ता तेथे अरुंद होतो आणि कठडा पुढे येतो हे चव्हाट्यावर आले, मागच्या आसनावरील पट्ट्याची सक्ती सुरू झाली. हे सर्व योग्यच झाले. चौकशी अशीच व्हावयास हवी, चालकापाशी न थांबता रस्ता, यंत्र आणि नियम यांपर्यंत जाणारी. आमचे म्हणणे एवढेच की ती उद्योगपतीच्याच वाट्याला का यावी.

याचे उत्तर कुर्ल्यात मिळते. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बेस्टच्या नावाने धावणारी, परंतु कंत्राटदाराच्या मालकीची विजेवरील बस गर्दीत घुसली आणि किमान ७ जण मेले. चालकाला तत्काळ अटक झाली. ब्रेक निकामी नव्हते, असे परिवहन खात्याच्या तपासणीत सांगण्यात आले. जुन्या पद्धतीच्या बसवर हात बसलेल्या त्या कंत्राटी चालकाला गिअर नसलेल्या, बोट लावताच उसळणाऱ्या लांबलचक बसवर बसविण्यापूर्वी पुरेसे शिक्षण मिळाले नव्हते, हेही वृत्तपत्रांतून आले. पण भाडेकरारावर बस घेण्याचे धोरण ठरविणाऱ्यांपैकी किती जण त्या रात्री चौकशीस बसले? श्रीमंताची मोटार आदळली की विचारतात, ‘यंत्रात काही दोष होता काय?’ कामगाराच्या हातून बस आदळली की विचारतात, ‘दारू प्यायला होता काय?’ आणि पुण्यात जेथे हा दुसरा प्रश्न विचारावयाचा होता, तेथे रक्ताची बाटलीच बदलली गेल्याचा आरोप आहे.

दोडामार्ग तालुक्याला हा विषय दूरचा नाही. १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झालेला हा सीमेवरचा तालुका. येथील तरुण-तरुणी रोज पहाटे दुचाकीवरून डिचोली, म्हापसा, पणजीकडे कारखान्यांत, हॉटेलांत, दुकानांत कामाला जातात आणि काळोख पडल्यावर परततात, कारण त्या वेळेला सोयीची एस. टी. नाही. रस्ता तोच, ज्यावर कळण्याच्या खाणीचे डंपर धावले. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली आणि भाड्याच्या व खासगी वेगवान मोटारींची या पट्ट्यात भर पडली. वाटेत कुणी जखमी झाला तर त्याला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवावे लागते. तेवढा वेळ जखमेला असतो असे नाही. उडविणारा पळून गेला तर मृताच्या घरी २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे २ लाख रुपये येतात. कल्याणीनगरच्या मोटारीचे ब्रेक आणि टायर बदलावयाचे म्हटले तर तेवढ्यांत भागेल की नाही, हे जाणकारांनी सांगावे.

गोव्यातच ६ ऑगस्ट २०२३ रोजी बाणस्तारीच्या पुलावर एका आलिशान मर्सिडीजने समोरच्या वाहनांना चिरडून तिघांचा बळी घेतला. गाडी कोण चालवीत होते यावरच वाद माजला. लोक रस्त्यावर आले, प्रकरण गुन्हे शाखेकडे गेले, आणि पीडितांसाठी २ कोटी रुपये जमा करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठास द्यावा लागला. हा आदेश आपण लक्षात ठेवला पाहिजे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत विधवेने आणि पोरांनी वाट पाहावी हा निसर्गनियम नव्हे, हे त्याने दाखविले. मात्र तो एका प्रकरणापुरता आहे. कायद्यात तशी तरतूद झाली पाहिजे.

आमच्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, भाड्याचे वाहन प्रवाशांकडून पैसे घेते म्हणून त्याला पासिंग. खासगी मोटार धंदा करीत नाही. पण रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाने दोघांपैकी कुणाचेच तिकीट काढलेले नसते. त्याला धडकेचे वजन सारखेच बसते. वेगवान मोटारीचे अधिक. दुसरा आक्षेप नेहमीचा, समाजवाद्यांना दुसऱ्याची मोटार बघवत नाही. यावर रागावण्याचे कारण नाही. यंत्राशी वैर करणारी आमची चळवळ कधी नव्हती. कोकण रेल्वेसाठी मधू दंडवते झगडले, ते वेगासाठीच झगडले. फक्त तो वेग तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचा होता. आणि हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे की पुण्याच्या घटनेत प्रश्न मुख्यतः ब्रेकचा नव्हता, मुजोरीचा होता. कोणी उद्या ‘गाडीतच बिघाड होता’ असे म्हणून सुटू पाहील तर देखभालीची ही चर्चा त्याच्या कामी येता कामा नये. म्हणूनच मोटारीची स्थिती अपघातापूर्वी सरकारी कागदावर नोंदलेली हवी. पंधरा वर्षांत तिच्याकडे कुणी पाहिलेच नसेल, तर बिघाड होता असे म्हणणारा वकील आणि नव्हता असे म्हणणारी कंपनी, या दोघांच्या मध्ये मृताचा बाप कुठे उभा राहणार?

तेव्हा ठराविक शक्तीपलीकडील प्रत्येक खासगी मोटारीचे पासिंग दरवर्षी व्हावे, त्याचा खर्च मालकाने सोसावा, टायरच्या वयाची आणि ब्रेकच्या तेलाची नोंद नोंदणीपुस्तकात व्हावी. अपघातग्रस्त मोटारीतील संगणकाची नोंद वाचण्याचे साधन न्यायवैद्यक प्रयोगशाळेला देण्याची सक्ती कंपनीवर असावी आणि त्या वाचनाची प्रत मृताच्या कुटुंबास मिळावी. या मोटारींच्या दुरुस्तीची माहिती कंपनीच्या कुलुपात न राहता आपल्या आय. टी. आय.तून शिकलेल्या मेकॅनिकलाही मिळावी, कारण आज सिंधुदुर्गात अशी एखादी मोटार बिघडली तर ती ट्रकवर घालून मोठ्या शहराकडे न्यावी लागते आणि आमचा मेकॅनिक बाजूला उभा राहून पाहतो. रस्त्यावर बंद पडणाऱ्या एस. टी.ला डेपोत सुटे भाग आणि पुरेसे कामगार मिळावेत ही मागणी याच मागणीचा भाग आहे, तिची निराळी पुरवणी नव्हे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्यापुढे आपल्या कार्यकर्त्यांनी पहिल्या खेपेस एकच अर्ज ठेवावा: बांदा-दोडामार्ग-डिचोली रस्त्यावर गेल्या पाच वर्षांत जे प्राणघातक अपघात झाले, त्यांपैकी किती प्रकरणांत धडक देणाऱ्या वाहनाची यांत्रिक तपासणी झाली, ती कुणी केली आणि तिचा अहवाल मृताच्या घरी पोहोचला काय, याची माहिती वाहनाच्या प्रकारानुसार द्यावी. अर्ज देताना रिक्षा संघटनेची माणसे बरोबर न्यावीत. पासिंग म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागणार नाही.