चौकशी म्हणजे चहाडी नव्हे



दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीला आपण सगळ्यांना फोन करतो. जावा, नणंदा, शेजारणी, कधीकाळी अबोला धरलेल्या मैत्रिणी. माझ्या यादीत एक नाव मात्र असं आहे, की तिला फोन करता येत नाही. ती कुठे आहे हेच मला माहीत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत आमच्या गल्लीत, आपल्याच समाजातल्या एका घरी दहा-अकरा वर्षांची मुलगी आली. "गावाकडची आहे, शिकवायला आणलीय," असं सांगितलं गेलं. ती सकाळी अंगण झाडायची, दुपारी भांडी घासायची, संध्याकाळी त्या घरचं बाळ तिच्या कडेवर असायचं. शाळेची रिक्षा गल्लीत आली की फाटकाशी उभी राहून बघायची. मी हे तीन महिने पाहिलं. घरात विषय काढला तर हे म्हणाले, "रोज मंदिरात गाठ पडते त्यांची. दुसऱ्याच्या घरात कशाला पडायचं?" मलाही ते सोयीचंच वाटलं.

शेवटी न राहवून मी एका कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही तिच्या कोण लागता?" मग नाव, पत्ता, सहीनिशी लेखी अर्ज मागितला. मी दिला. बी.कॉम. झालेली बाई, कागद दिला की पोच मागायची सवय. पोच मागितली तर "कळवतील तुम्हाला" म्हणाले. तिसऱ्या दिवशी मंदिराच्या पायरीवर त्या घरची सून मला म्हणाली, "काकू, एवढं खुपत होतं तर मलाच विचारायचं ना!" मुलीला त्या दिवशी पहाटेच्या गाडीने कुठेतरी पाठवून दिलं होतं. चौकशीला माणूस पोचायच्या आधी माझं नाव त्या घरी पोचलं होतं.

त्या सुनेचा मला राग नाही. कार्यालयाचा होता, पण स्वतःचा जास्त होता. आधीचे तीन महिने तर मीच घालवले होते ना?

त्यानंतर मी कायदा नीट वाचून काढला. आपल्यापैकी फार थोड्या जणींना हे ठाऊक असतं, म्हणून सांगते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीपासून सरसकट बंद आहे, घरकामसुद्धा. स्वतःच्या घरच्या व्यवसायात शाळा सांभाळून केलेली मदत चालते. अशा मुलासाठी कार्यालयाची पायरी चढायची गरजच नव्हती. १०९८ हा क्रमांक आहे, फुकट आणि चोवीस तास. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने तो सुरू झाला. आता मिशन वात्सल्य योजनेत सरकारच तो चालवतं. फोनवर सांगायचं ते एवढंच: मूल साधारण किती वर्षांचं, कुठे आहे, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं आणि त्याला आत्ता लगेच धोका आहे का. आपला अंदाज सांगायचा नाही, निकाल द्यायचा नाही.

पुढचं काम त्यांचं. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो आणि बाल कल्याण समिती असते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई हवीच. मुलाला ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत समितीपुढे न्यावं लागतं. घरची परिस्थिती पाहून पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा आणि चार महिन्यांत निर्णय करायचा, असं कायदा सांगतो. आपल्या बायकांना भीती असते की "मूल उचलून संस्थेत टाकतील." पण कायद्याचं मूळ धोरण मुलाला शक्यतो आपल्या कुटुंबातच ठेवण्याचं आहे. संस्था हा शेवटचा उपाय.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मात्र गप्प बसण्याची मुभाच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो बाई अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता.

म्हणजे कायदा चांगला आहे. अडतं ते टेबलावर. साताऱ्यात अकरा तालुके, सांगलीत दहा. जतच्या आईला समितीपुढे यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. काम करणारी माणसं थोडी आहेत, हेही मी मान्य करते. पण माझ्या मते दोन गोष्टींना जादा माणसं लागत नाहीत. पहिली, कळवणाऱ्याचं नाव कधीही फुटता कामा नये. एकदा फुटलं की त्या गल्लीतून पुन्हा फोन येत नाही. दुसरी, पोच. एक नोंद क्रमांक द्या आणि चार दिवसांनी "आम्ही जाऊन आलो" एवढं सांगा. मुलाचं काय झालं ते मला सांगू नका. त्याची ओळख गुप्त राहिलीच पाहिजे. पण माझा कागद फडताळात गेला की माणूस घराकडे गेला, हे कळण्याचा मला हक्क आहे. साधा किराणा दुकानदारसुद्धा आवक-जावक लिहून ठेवतो.

सरकारी यंत्रणेला हे जमत नाही असंही नाही. सातारा माझं माहेर. २०११ साली तिथे 'नकुशा' नावाच्या मुलींची गावोगाव नोंद झाली. नको असताना जन्मली म्हणून आईबापांनीच तसं नाव ठेवलेल्या मुली. यादी झाली आणि त्या ऑक्टोबरात एका समारंभात २८५ मुलींना नवी नावं मिळाली. नुसत्या नावाने सगळं बदललं नसेल. पण कुणी तक्रार घेऊन येण्याची वाट न पाहता सरकारी माणसं त्यांच्या दारापर्यंत गेली, हे खरं.

आता आपल्याकडे वळते. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, कुंभोजचे. साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली आणि लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने मोडले. गावाकडचं पोर 'शिकवायला आणणं' याचा अर्थ त्या घरात असा होता. आपण तेच शब्द वापरून पोरीच्या हातात घासणी देतो.

आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्ताआधी जेवतो, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो. चार दानांपैकी आहारदान आणि औषधदान आपण हौसेने करतो, शास्त्रदानही करतो. अभयदानाचं पाकीट मात्र कुणी भरत नाही, कारण त्याची पाटी मंदिरात लागत नाही. एका मुलाची भीती जावी म्हणून केलेला फोन हे अभयदानच आहे, असं माझं मत आहे.

तेव्हा एवढं करा. संशय आला तर त्या घरी जाऊन जाब विचारू नका, मूल गायब होतं. मुलाला खोदून खोदून प्रश्न करू नका. फोटो काढून महिला मंडळाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. दिवस, वेळ आणि पाहिलेली गोष्ट वहीत लिहा आणि १०९८ ला फोन करा. क्रमांक मागून घ्या, चार दिवसांनी परत विचारा. आणि उद्या आपल्याच दारी चौकशीला माणूस आला, तर पाणी द्या आणि खरं ते सांगा. चौकशी म्हणजे आरोप नव्हे.

त्या मुलीला आता हे वाचता येत असेल का, कोण जाणे. तिला शाळेत घातलं असेल तर येत असेल. बाळा, तुझी मी क्षमा मागते.

जय जिनेंद्र.