दुर्बीण घेताना आकड्याला भुलू नका

गेल्या थंडीत शाळेच्या सहलीबरोबर भिगवणला गेले होते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, ते मुलांना दाखवायचे होते. म्हणून एका प्रदर्शनातून हौसेनं दुर्बीण घेतली. वर मोठ्या अक्षरात २० बाय ५० लिहिलेलं. मी आकड्यालाच भुलले!

होडीत बसल्यावर फजिती कळली. हात जरा हलला की पक्षी गायब, आणि पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मला एकाचे दोन पक्षी दिसतात. माझे डोळे बिघडलेत का हो?" पोर अगदी रडवेली झाली होती. शेवटी नावाड्यानं आपली जुनी ८ बाय ४० दुर्बीण तिच्या हाती दिली आणि तिचा चेहरा खुलला. डोळे तिचे उत्तम होते. माझ्या दुर्बिणीच्या दोन नळ्याच एका रेषेत नव्हत्या.

घरी आल्यावर माहितगारांना विचारलं, चार दुकानं पालथी घातली. जे शिकले ते तुम्हालाही सांगते.

पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते; दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. ८ बाय ४० चे आले ५, तर २० बाय ५० चे अवघे अडीच. डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची ही रुंदी. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच असते, तेव्हा अडीच चालून जातं. पण पक्षी पाहायचे ते पहाटे नि तिन्हीसांजेला! तेव्हा बाहुली मोठी होते आणि चित्र अंधुक दिसतं. शिवाय जितकी पट जास्त, तितका हाताचा कंपही जास्त. हातात धरून पाहायला ८ बाय ४० किंवा ४२ उत्तम. फार तर १० पट.

दुकानात ही पारख जरूर करा. दुर्बीण हातभर लांब धरून तिचं तोंड उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाची टिकली दिसेल. ती गोल हवी. कडा कापल्यासारख्या दिसल्या तर आतले लोलक हलके समजा. भिंगावर हिरवट-जांभळट झाक चांगली, लालभडक नको.

मग दोन्ही नळ्या जवळ-दूर करून एकच वर्तुळ दिसेल असं करा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. नंतर डावा मिटून उजव्या नळीची कडी फिरवा. आता समोरच्या इमारतीवरच्या टाकीची कड पाहा. एकाच्या दोन दिसल्या किंवा डोळ्यांवर ताण आला, तर दुर्बीण सरळ परत करा.

चष्मा असेल तर रबरी कड खाली करून, चष्मा लावूनच पाहा. 'आय रिलीफ' निदान १५ मिलिमीटर हवा. ८ बाय ४२ दुर्बीण साधारण ६०० ते ८०० ग्रॅम भरते, तेव्हा दहा मिनिटं गळ्यात अडकवून बघाच.

भिंगं पदरानं पुसू नयेत. आधी मऊ ब्रशनं धूळ झटकावी. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. आणि मुलांना बजावून ठेवा, दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

आता आमच्याकडे ८ बाय ४२ आहे. ती जुनी 'कुणाला तरी देऊन टाक' असं हे म्हणतात. मी नाही देणार. उगाच आणखी एखादं पोर आपल्या डोळ्यांना दोष देत बसायचं!