रंगभूमीवरील घर आणि आपले घर

घरातील भांडण चव्हाट्यावर आणू नये, अशी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्यांची शिकवण आहे. मराठी रंगभूमीने मात्र गेली सव्वाशे वर्षे नेमके हेच केले. देवलांच्या 'संगीत शारदा'मध्ये (१८९९) पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीला वृद्धाच्या गळ्यात बांधावयास निघालेला बाप उभा राहिला. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मध्ये (१९१९) नवऱ्याच्या व्यसनापायी कणाकणाने झिजणारी सिंधू उभी राहिली. प्रेक्षकांनी ही घरे पाहिली, डोळे पुसले आणि ते आपापल्या घरी परतले. परतल्यावर त्यांनी काय केले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे.

कर्जत तालुक्यातील कळंब आणि आसपासच्या गावांपुरते बोलावयाचे, तर ही निकड अधिकच जाणवते. येथल्या माणसास नाटक पाहावयाचे म्हणजे नेरळ गाठून लोकलने कल्याणच्या अत्रे रंगमंदिरापर्यंत जाणे आले. परंतु नाटकाचा विषय मात्र त्याच्या ओटीवर येऊन बसला आहे. जी जमीन पावसाळ्यात भाताचे एक पीक देई आणि जिच्या वाटपाची कोणास घाई नसे, त्याच जमिनीला शहरवासीयांच्या फार्महाउसांमुळे आणि नव्या वसाहतींमुळे भाव आला. भाव आला, तसे सातबाऱ्यावरील प्रत्येक नाव मोलाचे झाले. वर्षानुवर्षे एका चुलीवर जेवणारे भाऊ फेरफाराच्या नोटिशीवरून एकमेकांशी बोलेनासे झाल्याची उदाहरणे आता नवलाची राहिलेली नाहीत. अशा वेळी आपल्या श्रेष्ठ नाटककारांनी बिघडलेल्या घराचे निदान कसे केले, हे पाहणे केवळ वाङ्मयीन चैन ठरत नाही.

वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केलेले गणपतराव बेलवलकर मराठी मनात कायमचे घर करून राहिले. २०१६ साली त्यावर चित्रपट निघाल्याने नाट्यगृहाची पायरी न चढलेल्यांपर्यंतही ही कथा पोहोचली. तिचा निष्कर्षही ठरून गेला आहे : मुले कृतघ्न निघाली. हा निष्कर्ष खोटा नाही, पण सोपा आहे. आणि सोपा आहे म्हणूनच अपुरा आहे. अप्पासाहेब आपले सर्वस्व मुलांना वाटून टाकतात, ते रंगमंचावरील राजाच्या थाटात. जिने आयुष्यभर त्यांचा संसार ओढला, त्या कावेरीचा सावधगिरीचा शब्द ते मनावर घेत नाहीत. पुढे मुलाच्या घरी नातीच्या वळणावरून सुनेशी खटके उडू लागतात, तेव्हा दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य असते. ते शांतपणे मांडण्याची आणि ऐकण्याची रीत मात्र त्या घरात नसते. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, तोही अशाच अबोल्यातून. शिरवाडकरांनी राक्षस रंगविले नाहीत. ओळखीची, मध्यम वकुबाची माणसे रंगविली, आणि त्यांच्याकडून राक्षसी कृत्य कसे घडते ते दाखविले. प्रेक्षकाने खरे तर येथे दचकावयास हवे. आपण अप्पासाहेबांसाठी रडतो, कारण स्वतःला त्यांच्या जागी पाहणे सोयीचे असते. त्यांच्या मुलाच्या जागी स्वतःला पाहणारा प्रेक्षक विरळाच.

महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ साली रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांचा हा वाडा कोणी जुलमी खलपुरुष पाडीत नाही. तात्याजींच्या मृत्यूनंतर घर जमते, तेरवीच्या खर्चाचा प्रश्न निघतो आणि एकेक भिंत आतून ढासळू लागते. मुंबईचा भाऊ गावच्या भावाला श्रीमंत समजतो, गावचा भाऊ मुंबईच्या भावाला. दोघेही कफल्लक असतात आणि प्रतिष्ठेपायी तसे सांगत नाहीत. या दोघांच्या रस्सीखेचीत चंदूकडे आणि प्रभाकडे कोणाचे लक्ष नसते. चंदू घरातील गड्याची सारी कामे निमूटपणे करतो; त्याच्या पायाची जखम चिघळते, तरी तिची दखल घेतली जात नाही. प्रभाचे शिक्षण घराण्याच्या अब्रूसाठी थांबविलेले असते. आपल्या वाट्याच्या सोन्यावर पुढे शिकावे एवढीच तिची मागणी, आणि तीही पुरी होत नाही. घर कशाने मोडते, याचे याहून नेमके उत्तर मराठी नाटकात क्वचितच सापडेल. एकाचे कष्ट हिशेबातच धरले नाहीत, एकीचे म्हणणे तोंडातच ठेवावयास लावले आणि या दोन्ही गोष्टींना कुळाचार असे नाव दिले, की वाडा चिरेबंदी असूनही राहण्याजोगा उरत नाही.

आता याच्या शेजारी प्रशांत दळवींचे 'चारचौघी' (१९९१) ठेवून पाहावे. लौकिकदृष्ट्या हे घर सदोषच. आईचे आयुष्य एका विवाहित पुरुषाशी जोडले गेलेले, घरात तीन मुली, थोरलीचा संसार मोडण्याच्या बेतात. रीतीभातीच्या कसोटीवर देशपांड्यांचा वाडा उत्तीर्ण होईल आणि हे घर अनुत्तीर्ण. परंतु या चौघीजणी एकमेकींशी बोलतात, वाद घालतात, प्रसंगी आईला जाबही विचारतात, आणि तरीही एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहतात. निरोगी नाते म्हणजे भांडण नसलेले नाते नव्हे, तर भांडता येईल एवढी सुरक्षितता ज्यात आहे असे नाते, हा धडा या दोन नाटकांच्या तुलनेतून मिळतो. २०२२ साली हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आले, यावरून त्याची गरज संपलेली नाही, हे स्पष्टच आहे.

नाटकात हे ठीक, व्यवहारात त्याचे काय, असे कोणी विचारील. व्यवहारात कायदा बराच पुढे गेला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. या परिसरातील ठाकर-कातकऱ्यांना मात्र, अनुसूचित जमाती म्हणून, तो कायदा आपोआप लागू होत नाही, हेही विसरता येणार नाही. वृद्धांसाठी २००७चा निर्वाह व कल्याण कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढे साध्या अर्जावर दाद मागता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतर रद्दही होऊ शकते. अप्पासाहेबांच्या काळी हा मार्ग नव्हता.

तरीही कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंतच येतो. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही आजही साडीचोळीच्या मोलाने मिळते, ती तिला कायदा ठाऊक नसतो म्हणून नव्हे. सही नाकारली तर माहेर तुटेल, ही भीती तिच्या मनात असते म्हणून. ज्या प्रेमाला सहीची किंमत मोजावी लागते ते प्रेम नव्हे, हे तिला आणि तिच्या भावालाही कोणीतरी सांगावयास हवे. ते न्यायालय सांगू शकत नाही. नाटक सांगू शकते.

म्हणून एक साधी सूचना कराविशी वाटते. खरेदीखतासाठी निबंधक कार्यालयाची तारीख ठरण्यापूर्वी घरातील साऱ्यांनी एक संध्याकाळ एकत्र बसावे. लग्न होऊन गेलेल्या मुलीला आवर्जून बोलवावे. शेत ज्याने प्रत्यक्ष कसले त्याचे कष्ट मोठ्याने मोजावेत. आई-वडिलांनी सर्वस्व देऊन टाकू नये आणि मुलांनीही ते मागू नये. या बैठकीत आवाज चढतील, कदाचित अश्रूही येतील, येऊ द्यावेत. नाट्यगृहाच्या अंधारात परक्याच्या घरासाठी ढाळलेल्या अश्रूंपेक्षा आपल्या माजघरात वेळीच आलेले अश्रू अधिक उपयोगाचे असतात. नाटकाचा पडदा पडल्यावर त्या घरातील कोणालाही आपली चूक दुरुस्त करता येत नाही. आपल्या घराचा पडदा अजून पडलेला नाही.