प्रश्न ‘स्कोअर किती?’ हा नव्हे

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी वैद्यकशास्त्रातले काही शब्द थेट माजघरात नेऊन पोहोचवले. ‘एचआरसीटी स्कोअर’ हा त्यांतलाच एक. पुण्या-मुंबईच्या नातलगांच्या दूरध्वनीवरही प्रकृतीची चौकशी ‘स्कोअर किती?’ या प्रश्नाने सुरू होऊ लागली. साथ ओसरली, पण सवय राहिली. विषाणुजन्य न्यूमोनियाच्या रुग्णाचा सीटी चार दिवसांनी पुन्हा काढण्याचा आग्रह आजही होतो, आणि आपणही पुष्कळदा तो मान्य करून मोकळे होतो. हा परिपाठ तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

सीटीचे मोल मी कमी लेखीत नाही. साध्या एक्स-रेत न दिसणारी, दुधी काचेसारखी धूसर छाया सीटीत स्पष्ट उमटते. २०२० च्या आरंभी वुहानच्या डॉक्टरांनी, तीव्र श्वसनत्रास नसलेल्या २१ कोविड रुग्णांचे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा सीटी काढले. त्यातून फुफ्फुसातील बदलांचा क्रम कळला. पहिल्या चार दिवसांत विरळ छाया, मग झपाट्याने वाढ, दहाव्या दिवसाच्या सुमारास कळस आणि दोन आठवड्यांनंतर उतार. हा क्रम ठाऊक झाला, हेच त्या तपासण्यांचे फळ. तो प्रत्येक रुग्णात नव्याने सिद्ध करण्याचे कारण नाही. पाचव्या दिवशीचा सीटी दुसऱ्या दिवशीच्या सीटीपेक्षा वाईट दिसणार, हे बहुधा अपेक्षितच असते. त्या वाढीला घाबरून औषधे वाढवणे हा उपचार नव्हे.

शिवाय स्कोअर म्हणजे काय, हेही ध्यानात घ्यावे. फुफ्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच गुण, एकूण पंचवीस. हे गुण छायेच्या विस्ताराचे असतात, घनतेचे नव्हेत. बरे होताना घट्ट झालेला भाग विरळ होत जातो आणि तेव्हा धूसर छाया काही काळ अधिक पसरलेली दिसू शकते. म्हणजे रुग्णाचा प्राणवायू कमी करता येत असताना आकडा मात्र हलत नाही, क्वचित वाढतोही. अशा वेळी विश्वास कागदावर ठेवायचा की खाटेवरच्या माणसावर?

फ्लाइश्नर सोसायटीने एप्रिल २०२० मध्येच सांगितले होते, की सौम्य आजारात इमेजिंगची गरज नाही. श्वसन बिघडू लागले तर ते करावे. प्राणवायू एकाएकी खालावला तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शंका घ्यावी लागते. पण ती साध्या एचआरसीटीत कळत नाही, त्यासाठी कॉन्ट्रास्ट देऊन अँजिओग्राफीच हवी. घरी गेल्यावर दम लागत राहिला, तर सुमारे बारा आठवड्यांनी पुन्हा पाहणे योग्य. तोवर बऱ्याच छाया आपोआप विरतात. महिन्याभरातच सीटी काढून ‘फायब्रोसिस’ हा शब्द उच्चारला, की घरात विनाकारण चिंता शिरते.

किरणोत्सर्गाचा विचारही सोडता येत नाही. सर्वसाधारण मात्रेच्या छातीच्या सीटीत सुमारे सहा-सात मिलिसिव्हर्ट, तर एका एक्स-रेत सुमारे ०.१. एका सीटीने कोणी भयभीत होऊ नये. परंतु तरुण रुग्णाचे पंधरवड्यात तीन-चार सीटी काढायचे, तर त्याला तसे सबळ कारण हवे. खर्च तर कुटुंब सोसतेच.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे: दुसऱ्या सीटीची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ‘या अहवालाने माझा उपचार बदलेल काय?’ एवढे स्वतःला विचारावे आणि उत्तर ‘होय’ असेल तरच लिहावी. चिठ्ठीवर आजाराचा कितवा दिवस आहे, हेही अवश्य नोंदवावे. त्यावाचून रेडिओलॉजिस्टने तुलना तरी कशाशी करावी? आणि समाजबांधवांना सांगणे इतकेच, की रुग्णाचा श्वास दर मिनिटाला किती आहे, प्राणवायू किती लागतो आणि चार पावले चालल्यावर तो किती उतरतो, हे आम्हाला विचारा. त्याची उत्तरे आम्ही दिवसातून चार वेळा देऊ शकतो.